ऑस्बर्न रेनॉल्ड्स

धरणगाव तालुक्यातील बांभोरीजवळ गिरणा नदीच्या काठी ओल्या वाळूतून चालताना एक नवल पाहावयास मिळते. पाऊल दाबले, की वाळू ओल्या कापडाप्रमाणे पाणी सोडील, असे आपणांस वाटते. पण घडते उलटेच. पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी व फिकट दिसू लागते. हजारो वर्षे माणसे अशा वाळूतून चालत आली. परंतु या साध्या गोष्टीचे कारण उलगडून दाखविले ते ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने.

रेनॉल्ड्स यांचा जन्म २३ ऑगस्ट १८४२ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट शहरी झाला. त्यांचे बालपण मात्र इंग्लंडमध्ये गेले. वडील धर्मोपदेशक व शिक्षक असून त्यांना यंत्रविद्येची मोठी आवड होती. तोच वारसा मुलाकडे आला. १८६१ साली ऑस्बर्न एका यंत्रशाळेत उमेदवारी करू लागले. तेथे हातांनी काम करता करता त्यांच्या ध्यानी आले, की यंत्रांचे वर्तन समजून घ्यावयाचे, तर गणितावाचून गत्यंतर नाही. म्हणून ते केंब्रिज विद्यापीठात दाखल झाले व १८६७ साली पदवीधर झाले. दुसऱ्याच वर्षी, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, मँचेस्टर येथील ओवेन्स कॉलेजात अभियांत्रिकीचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. टॉमसन हे तेथे त्यांचे विद्यार्थी होते.

१८८३ साली त्यांनी काचेच्या नळीतून पाणी सोडले व त्यात रंगाची बारीक धार मिसळली. प्रवाह संथ असेतो ती धार सुतासारखी सरळ राहिली. वेग वाढविताच एका मर्यादेपाशी ती विसकटली व भोवरे उठून सारे पाणी रंगून गेले. या प्रयोगामुळे रेनॉल्ड्स यांचे नाव जगभर झाले.

त्यानंतर ते वाळूकडे वळले. त्यांनी रबराच्या पिशवीत बारीक कण व पाणी भरले आणि वर काचेची नळी बसविली. पिशवी दाबताच नळीतील पाणी वर चढण्याऐवजी खाली उतरले! याचे कारण त्यांनी १८८५ साली मांडले. दाटीवाटीने बसलेल्या कणांना हलावयाचे झाले, तर एकमेकांवर चढूनच सरकावे लागते. त्यामुळे त्यांच्यामधील पोकळ्या वाढतात व पाणी आत ओढले जाते. पाणी आत येऊ दिले नाही, तर पिशवी दगडासारखी कठीण होते.

याच्याशी नाते सांगणारा एक प्रयोग तुम्हांलाही करता येईल. दोन वाट्या कॉर्नफ्लोअर, म्हणजे मक्याचे पांढरे सत्त्व, घ्या व त्यात सुमारे एक वाटी पाणी थोडे थोडे घालून कालवा. त्यात बोट हळूच सोडा. ते सहज बुडेल. मूठ आपटा, ती वरच अडेल. हातांत त्याचा गोळा वळता येईल. पण वळणे थांबताच तो बोटांमधून ओघळू लागेल. न्यूटनने १६८७ साली प्रवाही पदार्थांविषयी जो साधा नियम मांडला, त्यात हे मिश्रण बसत नाही. जोराचा आघात होताच पाण्यातील कण एकमेकांना घासून अडकतात व मिश्रण घट्ट होते. आघात सरला, की ते पुन्हा मोकळे होतात. प्रयोग संपल्यावर हे मिश्रण मोरीत ओतू नका. त्याचा साका बसून मोरी तुंबेल.

उत्तरायुष्यात रेनॉल्ड्स यांनी फार मोठी झेप घेतली. सारे विश्वच अशा दाटीने बसलेल्या सूक्ष्म कणांचे बनले आहे, अशी उपपत्ती त्यांनी १९०३ साली ग्रंथरूपाने मांडली. तीत त्यांचे अनेक वर्षांचे श्रम होते. पण शास्त्राच्या कसोटीवर ती टिकली नाही. प्रकृती ढासळल्यामुळे १९०५ साली ते निवृत्त झाले आणि २१ फेब्रुवारी १९१२ रोजी वॉचेट या गावी निधन पावले.

विश्वाचे कोडे त्यांना सुटले नाही. पण पायाखालच्या वाळूचे सुटले. धान्याची साठवण असो वा जमिनीची बळकटी, कणांच्या वर्तनाचा विचार करताना अभियंते आजही त्यांच्या त्या शोधाचा आधार घेतात. मोठ्या तर्कापेक्षा लहानशा गोष्टीचे खरे निरीक्षण अधिक काळ टिकते, हेच या थोर शास्त्रज्ञाचे चरित्र आपणांस शिकविते.