जपानचा सव्यसाची

अर्जुनाच्या अनेक नावांपैकी सव्यसाची हे एक नाव आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. उजव्या हाताइतक्याच सहजतेने डाव्या हातानेही जो बाण सोडतो, तो सव्यसाची. ह्या नावाचे स्मरण व्हावे असा एक खड्गधारी वीर सतराव्या शतकात जपानमध्ये होऊन गेला. मियामोतो मुसाशी हे त्याचे नाव.

मुसाशीचा जन्म इ. स. १५८४ च्या सुमारास झाला. आपण हारिमा प्रांताचे योद्धे, अशी त्याने स्वतःची ओळख करून दिली आहे. वयाच्या तेराव्या वर्षी अरिमा किहेई नावाच्या तलवारबहाद्दराला त्याने द्वंद्वात जिंकले. एकविसाव्या वर्षी तो राजधानी क्योतो येथे गेला आणि तेथील नामांकित वीरांशी लढला. तिशीच्या आतच त्याने साठांहून अधिक द्वंद्वे केली आणि एकाही द्वंद्वात तो हरला नाही, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. इ. स. १६१२ मध्ये एका लहानशा बेटावर सासाकी कोजिरो ह्या लांब तलवारीच्या निष्णात योद्ध्याशी त्याची गाठ पडली. त्या वेळी मुसाशीच्या हाती केवळ लाकडी तलवार होती. तरीही कोजिरो धारातीर्थी पडला.

त्या काळचे जपानी योद्धे, म्हणजे सामुराई, कमरेला दोन शस्त्रे बाळगीत. एक लांब तलवार आणि दुसरी आखूड, आपल्याकडील कट्यारीहून थोडी मोठी. परंतु लढताना लांब तलवारच उपसून ती दोन्ही हातांनी धरण्याचा परिपाठ होता. त्यामुळे आखूड तलवार बहुधा म्यानातच राही आणि डावा हात जन्मभर उजव्याचा मदतनीस होऊन बसे.

मुसाशीचा पिता मुनिसाई हा जित्ते ह्या शस्त्रात प्रवीण होता. जित्ते म्हणजे बाजूला आकडा असलेली लोखंडी दांडी; तिने शत्रूची तलवार अडविता येई. मुसाशी ती विद्या शिकला. पण जित्ते काही प्रत्येकाजवळ सदैव नसते, दोन तलवारी मात्र नित्य कमरेला असतात, हे ध्यानी घेऊन त्याने जित्त्याचे काम त्या तलवारींकडूनच करून घेण्याचे ठरविले. त्यातून त्याचा स्वतंत्र पंथ निर्माण झाला. त्याचे शिष्य पहिल्या दिवसापासून उजव्या हाती लांब आणि डाव्या हाती आखूड तलवार घेऊन सराव करीत.

ह्यामागील त्याचा विचार अगदी व्यवहारी होता. घोड्यावर बसलेल्याला, चिखलातून वा चढणीवरून धावणाऱ्याला, गर्दीत सापडलेल्याला दोन्ही हात एका मुठीवर ठेवता येत नाहीत. जेथे जागा अरुंद, तेथे आखूड पातेच उपयोगी पडते. जवळचे एखादे शस्त्र न वापरताच प्राण जावेत, ह्यासारखी खंत नाही, असे त्याचे मत होते. एका हाताने तलवार पेलणे प्रारंभी जड जाते, हे त्याला मान्य होते. पण नवखेपणी सर्वच शस्त्रे जड असतात. धनुष्यही प्रथम ओढवत नाही. सरावाने त्या त्या शस्त्राचे बळ अंगी येते, हेच त्याचे उत्तर होते.

परंतु मुसाशीची खरी थोरवी ह्यापुढेच आहे. तिशी ओलांडल्यावर त्याने मागे वळून पाहिले. इतके विजय मिळाले ते आपल्या विद्येच्या पूर्णत्वामुळे की प्रतिस्पर्धी उणे होते म्हणून, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. आणि आपण परिपूर्ण नव्हतो, असा निर्वाळा दिला. ज्या विजयांसाठी माणसांचे प्राण गेले, त्यांचा अभिमान बाजूस ठेवून तो सकाळ-संध्याकाळ पुन्हा सरावाला लागला. विद्येचे मर्म त्याला उमगले, तेव्हा त्याची पन्नाशी आली होती. त्यानंतरही नशिबाने त्याला नम्र राहण्याचा धडा दिला. इ. स. १६३८ मध्ये शिमाबारा येथील बंडखोर शेतकऱ्यांच्या किल्ल्यावर चालून जाताना तटावरून आलेला दगड त्याच्या पायावर आदळला आणि हा अजिंक्य वीर जायबंदी झाला.

इ. स. १६४० मध्ये कुमामोतोचा अधिपती होसोकावा तादातोशी ह्याने त्याला आश्रय दिला. तेथे त्याने शस्त्र ठेवून कुंचला धरला. वठलेल्या फांदीवर निश्चल बसलेला खाटीक पक्षी आणि त्याच फांदीवरून वर चढणारी अळी, असे त्याचे एक चित्र आजही जपून ठेवलेले आहे. इ. स. १६४३ मध्ये तो रेइगान्दो नावाच्या गुहेत ग्रंथ लिहावयास बसला. त्याचे पाच भाग पृथ्वी, आप, तेज, वायू आणि शून्य अशा नावांचे आहेत. आपल्या पंचमहाभूतांची आठवण व्हावी असेच. हा ग्रंथ शिष्याच्या स्वाधीन करून आणि स्वतःसाठी आचरणाचे एकवीस नियम लिहून इ. स. १६४५ मध्ये त्याने इहलोकीची यात्रा संपविली.

आज आपल्या कमरेला तलवार नाही, आणि नसावी हेच बरे. पण प्रत्येकाचा एक डावा हात मात्र असतो. कोणाचा गणित हा डावा हात, कोणाचा सभेत चार शब्द बोलणे हा डावा हात. उजवा हात चालतो आहे तोवर डाव्याची उणीव भासत नाही. अडचणीच्या घडीस ती भासते, आणि तेव्हा शिकावयास सवड नसते. म्हणून निवांत काळातच त्याला काम द्यावे, आणि यश मिळाल्यावरही आपली परीक्षा आपणच घ्यावी, हे मुसाशीच्या चरित्रापासून शिकण्यासारखे आहे.