गाडगेबाबांची धर्मशाळा आणि नागझिऱ्याचा रुग्ण

गाडगेबाबा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खराटा, फुटके गाडगे आणि चिंध्यांचा अंगरखा उभा राहतो. राज्य सरकारने २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले आणि तेव्हापासून तर बाबा केवळ झाडण्यापुरतेच उरले. पुढाऱ्यांनी हातात झाडू धरून फोटो काढले की बाबांचे स्मरण झाले! परंतु दवाखान्याच्या दारात उघड्यावर पडलेल्या गरिबाच्या डोक्यावर छप्पर घालणारे बाबा आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? आम्हाला आज त्या बाबांविषयी लिहायचे आहे. आणि ते लिहिताना आमच्या नजरेसमोर आहे गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्याचा परिसर.

नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. २०२३ साली ब्रह्मपुरीकडील जंगलातून दोन वाघिणी आणून येथे सोडण्यात आल्या. त्यांच्या गळ्यात कॉलर बांधली गेली, म्हणजे वाघीण कोठे आहे हे शासनाला कळत राहावे. वाघ जगलाच पाहिजे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु चोरखमारा, मंगेझरी या जंगलाच्या वेशीवरच्या गावांत तेंदूपत्ता तोडणारा, मोहफुले वेचणारा, धानाच्या बांधीत रोवणी करणारा माणूस तोंडातल्या जखमेने आजारी पडला, तर तो कोणत्या दवाखान्यापर्यंत पोहोचला आणि कोणत्या वळणावरून उपचार सोडून परत आला, याची नोंद कोण ठेवतो?

आमच्या भागात खर्रा हा पाहुणचार झाला आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटायचा आणि दिवसभर गालात धरायचा. आधी तिखट लागेनासे होते, मग तोंड पूर्ण उघडत नाही, मग गालात पांढरा चट्टा किंवा जखम येते. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम तज्ज्ञ डॉक्टरला दाखवलीच पाहिजे. पण मजुरी बुडते म्हणून माणूस थांबतो. बाई तर छातीतली गाठ घरातही सांगत नाही. कर्करोग गरीब-श्रीमंत पाहत नाही असे म्हणतात, पण उपचार मात्र पाहतो. हे ओळखणारा माणूस वऱ्हाडात जन्मला होता आणि तो शाळेत शिकलेला नव्हता.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे, परीट समाजातील एका गरीब घरात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील दारूच्या व्यसनात गेले. आई सखूबाई लहान मुलाला घेऊन दापुऱ्याला भावाच्या आश्रयाला आली. तेथे डेबूने गुरे राखली, शेती केली, सावकाराने जमीन कशी गिळली हेही पाहिले. मुलीच्या बारशाला दारू-मटणाचे जेवण देण्याची जातीची रीत त्यांनी मोडली आणि भाऊबंदांचा रोष ओढवून घेतला. बापाचे मरण पाहिलेल्या या तरुणाला व्यसन म्हणजे काय, हे कोणी शिकवावे लागले नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. मोक्ष शोधायला हिमालयात मात्र ते गेले नाहीत, गावोगावी गेले. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसांच्या डोक्यातला कचरा काढायचा, हा त्यांचा क्रम ठरला. नवस, बळी, कर्ज काढून केलेले लग्न, शिवाशिव, दारू या सर्वांवर त्यांनी साध्या वऱ्हाडी बोलीत प्रहार केले. समोरच्याला प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढायचे, ही त्यांची पद्धत होती. ऋणमोचनच्या यात्रेत आंधळे, पांगळे, महारोगी यांना ते जेवू घालत. समाजाने ज्याला हात लावायचा नाही असे ठरवले होते, त्याच्याकडे बाबा आधी जात.

पंढरपुरात त्यांनी काय पाहिले? विठ्ठलाच्या दर्शनाला शेकडो मैल चालत आलेल्या अस्पृश्य वारकऱ्याला मंदिरात प्रवेश नव्हताच, पण पाठ टेकायला धर्मशाळाही नव्हती. बाबांनी देवाशी वाद घातला नाही. त्यांनी लोकांकडून पैसा उभा करून चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, आणि स्वतः बाबा मात्र झाडाखाली राहिले.

याच काळात बाबासाहेबांचा आणि त्यांचा स्नेह जुळला. १९४९ सालची एक आठवण चळवळीत आजही सांगितली जाते. बाबा आजारी होऊन मुंबईच्या रुग्णालयात होते. बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदामंत्री होते आणि दिल्लीला निघायच्या घाईत होते. निरोप मिळताच त्यांनी जाणे बाजूला ठेवले आणि दोन घोंगड्या घेऊन ते बाबांच्या खाटेपाशी आले. कोणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घोंगड्या घेतल्या. आजाऱ्याला औषधाइतकीच गरज आपल्या माणसाची असते, हे या भेटीत आहे.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत बाबांची नजर मुंबईच्या दवाखान्यांकडे वळली. भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय १८४५ पासून गरिबांचे रुग्णालय होते. रुग्णाला आत खाट मिळे, पण गावाहून त्याच्यासोबत आलेली बायको, म्हातारा बाप, कडेवरचे पोर यांनी कोठे राहायचे? ते फुटपाथवर झोपत, तेथेच चूल मांडत, आणि पैसे संपले की रुग्णाला उचलून गावी नेत. १९५२ साली बाबांच्या नावाने मिशनची स्थापना झाली होती. १९५४ साली जे. जे. रुग्णालयातील रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मुंबईत धर्मशाळा उभी राहिली. पंढरपूरच्या वाटेवर धर्मशाळा बांधणारा माणूस दवाखान्याच्या वाटेवर आला. आमच्या मते हा बाबांच्या आयुष्यातला फार मोठा टप्पा आहे.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. आजारी असलेल्या बाबांना तो आघात सोसला नाही. अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी प्राण सोडला.

त्यांच्या पश्चात मिशनने दादर पूर्वेला धर्मशाळा उभारली. परळच्या टाटा रुग्णालयात, जे १९४१ साली सुरू झाले, देशभरातून येणारे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे सोबती तेथे नाममात्र पैशात राहतात. आपला माणूस ६ डिसेंबरला चैत्यभूमीसाठी ज्या दादरला उतरतो, त्याच दादरला गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसने सुमारे हजार किलोमीटर येऊन कर्करोगाचा रुग्ण उतरतो. पहिल्याची सोय करायला हजारो हात असतात. दुसऱ्याच्या हातात फक्त फाईल असते.

छपराचे महत्त्व कर्करोगात एवढे का? कारण हा एका ऑपरेशनने संपणारा आजार नाही. तोंडाच्या कर्करोगात शेक द्यायचा तर आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे जावे लागते. शेक काही मिनिटांचा असतो, पण त्यासाठी दीड महिना शहरात राहावे लागते. मध्येच खंड पडला की उपचाराचा परिणाम घटतो. म्हणजे राहण्याची जागा नसेल तर औषध असूनही रुग्ण हरतो. २०१२ साली सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा फुले यांचे नाव धारण करणाऱ्या जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन, शेक, केमो यांचा खर्च निघतो, हे चांगलेच आहे. पण सोबत्याची बुडालेली मजुरी आणि त्याचे खोलीभाडे कोणत्या कार्डातून निघते?

येथे कोणी म्हणेल, मग धर्मशाळा बांधल्या की झाले! नाही. दयेवर जगणे ही आपली चळवळ नाही. बाबांनाही हे कळत होते. म्हणूनच त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. आपण उभारलेला निवारा त्यांनी हक्काची लढाई लढणाऱ्याच्या हाती दिला, याचा अर्थ आपण समजून घेतला पाहिजे. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ४७ सांगते. गोंदियाला २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे कर्करोगाची तपासणी आणि उपचार पूर्ण मिळावेत, नागपूरच्या मेडिकलला रुग्णाच्या सोबत्यासाठी निवारा असावा, ही मागणी आहे, भीक नव्हे.

पण मागणी मान्य होईपर्यंत रुग्ण थांबत नाही. तेव्हा आपण काय करणार? दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात. नागपूरची वस्ती त्यांना जेवू घालते, घरात, शाळेत, विहारात झोपायला जागा देते. कोणाचीही जात विचारली जात नाही. हीच ताकद वर्षभर वापरता येणार नाही काय? नागपुरातील दहा विहारांनी प्रत्येकी एक खोली कर्करोग रुग्णांसाठी राखली, तर नागझिऱ्याच्या गोंड, बौद्ध, परीट, ढिवर कुटुंबाला दीड महिना काढता येईल. गावातील विहारात रविवारच्या वंदनेनंतर खर्ऱ्याविरुद्ध बोलता येईल. योजनेचे कागद भरून देता येतील. रेल्वेत उपचाराला जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला शयनयान वर्गात भाडे पूर्ण माफ असते आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत असते, हे किती जणांना माहीत आहे? ते सांगणारा एक शिकलेला तरुण प्रत्येक गावात असलाच पाहिजे.

भुकेल्याला अन्न, बेघराला आसरा, रोग्याला औषधोपचार, हा बाबांचा धर्म होता. देव त्यांनी याच माणसांत पाहिला. २० डिसेंबरला आपण त्यांच्या प्रतिमेला हार घालतोच. यंदा हाराच्या पैशातून एका रुग्णाच्या सोबत्याचे एका आठवड्याचे जेवण होऊ द्या. नागझिऱ्याहून निघालेला एक जरी रुग्ण शेवटचा शेक घेऊन गावी परतला, तर बाबांना तेच खरे अभिवादन ठरेल.