जमीन मोजणारा राजा तोडरमल

जागेच्या मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करावयाचा झाल्यास प्रथम मोजणीचा प्रकार ठरवावा लागतो. हद्द कायम करावयाची आहे, पोटहिस्सा पाडावयाचा आहे की बिनशेतीसाठी मोजणी हवी आहे, याचा निर्णय आधी झाला नाही तर हाती येणारा नकाशा कितीही रेखीव असला तरी नेमक्या कामाला उपयोगी पडत नाही. कोणत्या जमिनीला कोणती मोजणी लावावी, हाच प्रश्न सोळाव्या शतकात अकबराच्या दरबारात अवघ्या राज्याच्या पातळीवर उभा राहिला होता. त्याचे उत्तर शोधण्यात ज्याच्या आयुष्याची उत्तम वर्षे खर्ची पडली तो राजा तोडरमल. बिरबलाच्या गोष्टी घरोघरी पोहोचल्या. तोडरमलाच्या वाट्याला मात्र महसुलाची कोरडी कीर्ती आली.

तोडरमल खत्री कुटुंबातला. आजच्या उत्तर प्रदेशातील सीतापूर जिल्ह्यातले लहरपूर हे त्याचे जन्मगाव मानले जाते. वडील लवकर वारले आणि घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे सुरुवात साध्या कारकुनीने झाली. पुढे तो शेरशाह सूरच्या पदरी आला. झेलमजवळचा, आज पाकिस्तानात असलेला रोहतासचा प्रचंड किल्ला बांधवून घेण्याचे काम शेरशाहने त्याच्यावर सोपविले होते. जमीन मोजून, पिकाचा अंदाज घेऊन सारा ठरविण्याची पद्धत शेरशाहच्या राज्यात रुजत होती. तोडरमलाच्या पुढील कामाचे मूळ तेथे शोधावे लागते.

सूर घराण्याची सत्ता गेली आणि तोडरमल अकबराच्या सेवेत आला. 1573 साली गुजरात जिंकल्यानंतर तेथील महसुलाची घडी बसविण्यासाठी अकबराने त्याला धाडले. तो नुसता हिशेबनीस नव्हता. बंगालच्या मोहिमेत, 1575 च्या तुकारोईच्या लढाईत तो आघाडीच्या सेनानींमध्ये होता. लेखणी आणि तलवार दोन्ही चालविणारी माणसे त्या काळातही थोडीच असत.

तथापि त्याचे खरे रणांगण शेताच्या बांधावर होते. त्या वेळी जमीन तागाच्या दोराने मोजली जाई. दोर भिजला की आखडे, वाळला की सैल होई. आखडलेल्या दोराने मोजले तर तेच शेत जास्त बिघ्यांचे भरे आणि शेतकऱ्यावर नसलेल्या जमिनीचा सारा बसे. दोर मुद्दाम ओला ठेवणे मोजणीदाराला कठीण नव्हते. 1575 च्या सुमारास दोराच्या जागी लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूच्या तुकड्यांची जरीब आली. दवाने किंवा पावसाने तिची लांबी बदलत नसे. पुढे इलाही गज हे एकच माप ठरले आणि साठ गज लांब व साठ गज रुंद, म्हणजे 3600 चौरस गजांचा बिघा पक्का झाला. वरकरणी ही सुधारणा किरकोळ वाटते. ज्याचे पोट त्या बिघ्यावर अवलंबून होते त्याला ती किरकोळ खचितच वाटली नसेल.

माप सुधारले, पण माप धरणारे हात सुधारले नाहीत. त्याच सुमारास सरदारांच्या जहागिरी मोठ्या प्रमाणावर सरकारजमा करण्यात आल्या आणि एक कोटी उत्पन्नाचा एकेक मुलूख एकेका अधिकाऱ्याकडे देण्यात आला. या अधिकाऱ्यांना करोडी म्हणत. लागवड वाढविणे हे त्यांचे काम; प्रत्यक्षात अनेकांनी रयतेला पिळून काढले. शेतकऱ्यांवर बायकामुले विकण्याची पाळी आल्याचे समकालीन इतिहासकार बदायुनीने नोंदविले आहे. त्याच बदायुनीच्या सांगण्यानुसार, तोडरमलाने या करोडींना हिशेबासाठी पकडले तेव्हा कित्येक जण मारहाणीने आणि छळाने कैदेतच मेले. बदायुनीचा अकबराच्या धोरणांवर राग होता, हे ध्यानात घेऊनही ही बाजू नजरेआड करता येत नाही. तोडरमलाची गौरवगाथा सांगताना ती बहुधा वगळली जाते.

या अनुभवातून 1580 साली दहसाला पद्धत आकाराला आली. दर वर्षी नव्याने पीक आणि भाव ठरविण्यात वेळ जाई आणि लाचलुचपतीला वाव मिळे. म्हणून मागील दहा वर्षांच्या उत्पन्नाची व भावांची सरासरी काढून पीकवार, प्रदेशवार रोख दर निश्चित करण्यात आले. पिकाचा तिसरा हिस्सा सरकारचा, हे सर्वसाधारण प्रमाण होते. या पद्धतीवर तोडरमलाचे नाव कोरले गेले असले तरी तो त्याच वर्षी बंगाल-बिहारचे बंड मोडण्यासाठी पूर्वेकडे गेला होता आणि काम पूर्णत्वास नेले ते ख्वाजा शाह मन्सूरने. श्रेयाच्या वाटणीत मन्सूर मागे पडला, हे नमूद केले पाहिजे.

जमिनीची प्रतवारी हा या पद्धतीचा गाभा होय. दरसाल पिकणारी ती पोलज, थोडा काळ पडीक ठेवावी लागणारी परौती, तीन-चार वर्षे पडून राहिलेली चाचर आणि पाच वा अधिक वर्षे नांगर न लागलेली बंजर. एकाच लांबी-रुंदीचे दोन तुकडे सारख्या मोलाचे नसतात, ही गोष्ट येथे सरकारी दप्तरात आली. पीक बुडालेले क्षेत्र नोंदवून साऱ्यातून वजा करण्याचीही सोय होती. मोजणीचा खर्च मात्र रयतेच्याच माथी असे. बिघ्यामागे एक दाम जाबिताना म्हणून घेतला जाई. मोजणी फीची कुरकुर नवी नाही, ती अशी!

परंतु ही जरीब राज्यभर सरसकट फिरली नाही, आणि माझ्या मते या व्यवस्थेचे खरे शहाणपण येथेच आहे. आग्रा, दिल्ली, लाहोर, अवध, अलाहाबाद अशा सपाट आणि सलग लागवडीच्या सुभ्यांत मोजणीची जब्ती पद्धत चालली. बंगालमध्ये मोजणीचा आग्रह धरला गेला नाही. तेथे मागील वसुलीवरून अंदाजे आकारणी करणारी नसक पद्धत होती. काश्मीर, काबूल, सिंध या भागांत प्रत्यक्ष धान्याचीच वाटणी, म्हणजे बटाई होई. उभ्या पिकाचा नजरअंदाज घेण्याची कनकूत पद्धतही प्रचलित होती. मोजणीच्या दरात पीक कमी आले तर धोका शेतकऱ्याचा, बटाईत तो सरकार आणि शेतकरी या दोघांचा. म्हणून प्रकाराची निवड हा केवळ तांत्रिक मुद्दा नव्हता.

1582 मध्ये तोडरमल वजीर झाला. हिशेबाची दप्तरे फारसीत ठेवण्याचा शिरस्ता त्याच्याच नावाने सांगितला जातो. स्वतः तो कर्मठ हिंदू होता. त्याच्या आश्रयाने ‘टोडरानंद’ हा विशाल संस्कृत ग्रंथ सिद्ध झाला. काशीविश्वेश्वराचे मंदिर त्याच्या साहाय्याने पंडित नारायणभट्टांनी 1585 च्या सुमारास पुन्हा उभारले, असे परंपरा सांगते. या नारायणभट्टांचे घराणे मूळचे आपल्या पैठणचे. उतारवयात तोडरमलाने गंगाकाठी जाऊन अखेरचे दिवस घालविण्याची परवानगी मागितली. अकबराने ती दिली, पण तो वाटेत असतानाच त्याला माघारी बोलावले. तोडरमल परतला आणि 1589 च्या नोव्हेंबरात लाहोरला निवर्तला.

तो स्वतः दख्खनचा महसूल बांधायला आला नाही. त्याची पद्धत मात्र येथे पोहोचली. निजामशाहीत मलिक अंबरने केलेल्या जमीनबंदीत तिचा प्रभाव मानला जातो. शिवाजी महाराजांच्या राज्यातही जमीन मोजली गेली. तेथे काठी पाच हात पाच मुठींची आणि वीस काठ्या औरसचौरस म्हणजे बिघा, असे माप होते. मोगली दख्खनमध्ये हे काम केले ते मुर्शिद कुलीखानाने. 1653 नंतर, औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना, तो दिवाण झाला. येथे तोवर नांगरामागे ठोक सारा घेण्याची चाल होती. मागासलेल्या भागात त्याने ती तशीच राहू दिली, काही ठिकाणी बटाई लावली आणि उरलेल्या ठिकाणी जरीब टाकली. मोजणीदारांवर विसंबून न राहता जरीबेचे एक टोक तो पुष्कळदा स्वतःच धरून उभा राहत असे.