धीराचे दान

होतकरू कलावंताला परदेशी धाडणे सोपे. त्याची कला पिकेपर्यंत धीर धरणे अवघड. डॅनिश शिल्पकार थोरवाल्सन याचे चरित्र याची साक्ष देते. लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या कारागिराचा हा मुलगा कोपनहेगनच्या कला-अकादमीच्या शिष्यवृत्तीवर १७९७ साली रोमला पोहोचला. पुढे शिष्यवृत्ती सरली. ग्रीक पुराणातील वीर जेसन याच्या त्याच्या पुतळ्याची वाहवा झाली, पण गिऱ्हाईक मिळेना. १८०३ मध्ये तो परतीच्या तयारीत असता टॉमस होप या धनिकाने तोच पुतळा संगमरवरात मागितला आणि थोरवाल्सन रोममध्ये राहिला. होपच्या हाती पुतळा पडला तो १८२८ मध्ये! दरम्यान युरोपला मात्र एक थोर शिल्पकार लाभला होता. त्याने आपली शिल्पे व संपत्ती कोपनहेगनला दिली. तेथे १८४८ साली त्याचे संग्रहालय उघडले. शिष्यवृत्तीची मुदत ठरविणाऱ्यांनी हा हिशेबही मांडून पाहावा.