कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाई

दिवाळीच्या सुट्टीत मला मांजरेच्या वाळूत एक हाड सापडलं. आजी म्हणाली, फेकून दे. मी ते गुपचूप गुरुजींना दाखवलं. ते बैलाचं निघालं! पण गुरुजींनी सांगितलं, आपल्या लातूर जिल्ह्यात याच मांजरेच्या काठी हत्तीची दगड झालेली हाडं सापडली आहेत. मग त्यांनी इरावती कर्वे यांची माहिती सांगितली. तीच मी लिहीत आहे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी त्यांना शिकायला पुण्याच्या हुजूरपागा शाळेत धाडलं. मला तर मामाच्या गावी चार दिवसही करमत नाही!

पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२८ साली त्या जर्मनीत बर्लिनला गेल्या. तिथल्या प्राध्यापकांचं मत असं, की गोऱ्या लोकांच्या कवटीची उजवी-डावी बाजू सारखी नसते, म्हणून ते जास्त बुद्धिमान. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असला फरक सगळ्याच लोकांत निघाला. कातडीच्या रंगाशी त्याचा काही संबंध नव्हता. परका मुलूख, पदवी गुरूच्या हातात, तरी बाईंनी मापात आलं तेच लिहिलं. मी असतो तर घाबरून गेलो असतो. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढं हिटलरच्या राज्यात अशाच खोट्या कल्पनांपायी लाखो ज्यू मारले गेले.

१९३९ पासून बाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. १९४४ च्या सुमारास त्यांनी हसमुख सांकलिया यांच्याबरोबर गुजरातेत लांघणज येथे उत्खनन केलं. वाळूच्या टेकाडातून दगडी हत्यारं वापरणाऱ्या माणसांचे सांगाडे निघाले. पाय पोटाशी घेऊन निजवलेले, जसं थंडीत आपण निजतो तसे. असं हाड कुदळीनं काढत नाहीत बरं का, ब्रशनं माती झाडत काढतात. कंबरेच्या हाडावरून बाई की पुरुष आणि दातांवरून वय ओळखता येतं.

बाई पुण्यात स्कूटर चालवायच्या. त्यांच्या 'युगान्त' पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या वारल्या.

माझं हाड आता वर्गाच्या खिडकीत आहे. काल मोजायला घेतलं, तर पट्टी पुरली नाही.