ह. अनस बिन मालिक (रजि.) : प्रेषितांच्या घरात घडलेला सेवक

सुज्ञ वाचकहो, एखादा माणूस कसा आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर त्याच्या घरी काम करणाऱ्या मुलाला विचारावे. मस्जिदीत, बाजारात आणि पाहुण्यांसमोर प्रत्येकजण सांभाळून बोलतो. परंतु भांडे हातातून निसटले, निरोप पोहोचायला उशीर झाला किंवा सांगितलेले काम विसरले गेले, तर त्या क्षणी घरधन्याच्या तोंडून कोणते शब्द बाहेर पडतात, हे त्या मुलालाच ठाऊक असते. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या घरातील वागणुकीची अशीच साक्ष देणारा एक साक्षीदार इतिहासाला लाभला. तो वयाच्या दहाव्या वर्षी त्या घरात आला आणि पूर्ण दहा वर्षे तिथे राबला. त्याचे नाव ह. अनस बिन मालिक (रजि.).

बालपण आणि आईचा निर्णय

अनस (रजि.) मदीनेच्या खजरज कबिल्यातील बनू नज्जार घराण्यात जन्मले. त्यांची आई ह. उम्मे सुलैम (रजि.) यांनी इस्लामचा संदेश ऐकताच स्वीकारला. वडील मालिक यांना ते रुचले नाही. ते घर सोडून सीरियाकडे गेले आणि तिकडेच त्यांचा मृत्यू झाला. पुढे अबू तलहा नावाच्या प्रतिष्ठित गृहस्थाने उम्मे सुलैम यांना मागणी घातली, तेव्हा त्यांनी सोने-चांदी मागितले नाही. अबू तलहा यांनी इस्लाम स्वीकारावा, हाच त्यांनी आपला महर ठरवला. अबू तलहा (रजि.) मुसलमान झाले आणि अनस यांना पित्याचे छत्र पुन्हा मिळाले.

इ. स. 622 मध्ये प्रेषित (सल्ल.) हिजरत करून मदीनेत आले. अन्सारांच्या घराघरांतून भेटी येऊ लागल्या. उम्मे सुलैम यांच्या घरून आली ती भेट म्हणजे त्यांचा मुलगा होता. काही कथनांत आईने आणि काहींत अबू तलहा यांनी अनस यांना हात धरून प्रेषितांकडे नेल्याचे येते. मुलगा चुणचुणीत आहे, लिहिणे-वाचणे जाणतो, त्याला सेवेत ठेवून घ्यावे आणि त्याच्यासाठी दुआ करावी, एवढीच घरच्यांची विनंती होती. प्रेषितांनी त्याच्या संपत्तीत व संततीत बरकत व्हावी अशी दुआ केली.

दहा वर्षांत न ऐकलेला शब्द

आता आपल्या घरातील दहा-अकरा वर्षांच्या मुलाची आठवण करा. तो खेळात रमतो, काम विसरतो, कधी कधी सरळ नकारही देतो. अनसही असेच होते. एकदा प्रेषितांनी त्यांना काही कामासाठी पाठवले. मनात जायचेच होते, पण बालस्वभावानुसार तोंडाने जाणार नाही असे म्हणून ते निघाले. वाटेत बाजारात मुले खेळत होती, तिथेच ते थांबले. थोड्या वेळाने मागून कोणीतरी हळूच मान धरली. वळून पाहतात तो प्रेषित (सल्ल.) हसत उभे होते. त्यांनी लाडाने उनैस अशी हाक मारली आणि सांगितलेल्या ठिकाणी जाऊन आलास का, एवढेच विचारले. अनस यांनी आता जातो म्हटले आणि ते गेले.

वृद्धपणी अनस (रजि.) हा प्रसंग सांगत, तेव्हा त्याला एक जोड देत. दहा वर्षांत प्रेषितांनी आपल्याला कधी साधे उफ् सुद्धा म्हटले नाही. केलेल्या कामाबद्दल हे का केलेस, किंवा न केलेल्या कामाबद्दल हे का केले नाहीस, असेही विचारले नाही. घरातील दुसऱ्या कोणी रागावले, तर प्रेषित त्यांना थांबवत आणि जे होणार असते ते होतेच असे समजावत.

वाचकहो, ही साक्ष वाचून आपण क्षणभर थांबले पाहिजे. दहा वर्षे म्हणजे साडेतीन हजारांहून अधिक दिवस. त्यांतला एकही दिवस त्या मुलाला दुखावणाऱ्या शब्दाने डागाळला नाही. आपल्या घरी भांडी घासणारी बाई, दुकानात काम करणारा पोरगा, गाडी चालवणारा भाऊ, आणि सर्वांत आधी आपली स्वतःची लेकरे, यांच्या स्मरणात आपले कोणते शब्द उरणार आहेत?

गुपित सांभाळणारी माय-लेकरे

एक दिवस अनस मुलांत खेळत होते. प्रेषित (सल्ल.) तिथे आले, त्यांनी खेळणाऱ्या मुलांना सलाम केला आणि अनस यांना एका कामावर धाडले. परत घरी जायला उशीर झाला. आईने कारण विचारले. अनस म्हणाले की प्रेषितांच्या कामाला गेलो होतो. कोणते काम, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की ते गुपित आहे. उम्मे सुलैम यांनी पुन्हा विचारले नाही. उलट प्रेषितांचे गुपित कोणालाही सांगू नकोस, अशी ताकीद दिली. कित्येक वर्षांनी आपले लाडके शिष्य साबित बुनानी यांना हा प्रसंग सांगतानाही अनस (रजि.) यांनी ते काम काय होते हे उघड केले नाही. आज कोणालाच ते ठाऊक नाही.

एकाचा विश्वास दुसऱ्याकडे सांडू नये, हा शिष्टाचार मोठ्या भाषणांनी त्या मुलात रुजला नव्हता. आपल्या कुतूहलाला आवर घालणारी आई त्याला लाभली होती. मूल शेजारच्या घरून आले की तिथे काय शिजले, कोण आले, कशावरून वाद झाला, असे खोदून विचारणाऱ्या घरात गुपित राखणारी माणसे कशी तयार होतील?

त्याच घरात अनस यांचा धाकटा सावत्र भाऊ होता. त्याला अबू उमैर म्हणत. त्याने एक लहानसा पक्षी पाळला होता. तो पक्षी मेला आणि बाळ हिरमुसले. प्रेषित (सल्ल.) त्या घरी येत, तेव्हा त्या बाळाला मोठ्या माणसासारखे संबोधून, यमक जुळवून, तुझ्या पाखराचे काय झाले असे विचारत. एका समाजाची, तहांची आणि युद्धांची चिंता वाहणाऱ्या व्यक्तीने मुलाच्या पाखराची विचारपूस करावी, ही गोष्ट अनस यांनी आयुष्यभर जपून ठेवली.

जेवणाच्या जागी शिकलेले धडे

अनस (रजि.) यांच्या कथनांत जेवणाचे प्रसंग पुष्कळ आहेत. मदीनेतील एका शिंप्याने प्रेषितांना जेवायला बोलावले. अनस सोबत होते. जवाची भाकरी, आणि भोपळा व वाळवलेले मांस घातलेला रस्सा, एवढाच बेत होता. प्रेषितांनी निमंत्रण आनंदाने स्वीकारले आणि भांड्याच्या कडेने भोपळ्याच्या फोडी शोधून आवडीने खाल्ल्या. त्या दिवसापासून अनस यांनाही भोपळा प्रिय झाला. गरिबाच्या घरचे अन्न कसे खावे, हे त्यांनी पाहून घेतले.

दुसऱ्या प्रसंगी प्रेषित (सल्ल.) अनस यांच्याच घरी आले होते. बकरीचे दूध काढून त्यात घरच्या विहिरीचे पाणी मिसळून देण्यात आले. डावीकडे ह. अबूबक्र (रजि.) बसले होते आणि उजवीकडे एक खेडूत अरब. प्रेषितांनी दूध प्यायल्यावर आता प्याला खेडुताकडे जाईल असे पाहून ह. उमर (रजि.) यांनी अबूबक्र यांचे नाव सुचवले. तरीही प्याला उजवीकडच्या खेडुतालाच मिळाला आणि उजवीकडच्याचा हक्क आधी, हे सर्वांना सांगण्यात आले. त्या बैठकीत प्रतिष्ठेपेक्षा नियम मोठा ठरला. आपल्या दावतीत नावाजलेल्या पाहुण्यांना आधी वाढून साध्या माणसांना ताटकळत ठेवले जाते, तेव्हा हा प्याला आठवावा.

हिजरी सन 5 च्या सुमारास प्रेषितांचा विवाह ह. जैनब (रजि.) यांच्याशी झाला. उम्मे सुलैम यांनी खजूर, तूप आणि सुकवलेले दही यांचा पदार्थ करून अनस यांच्या हाती पाठवला. प्रेषितांनी त्यांना लोकांना बोलावून आणायला सांगितले. सुमारे 300 माणसे जमली. दहा-दहांच्या पंगतीने बसावे आणि प्रत्येकाने आपल्यासमोरचेच खावे, अशी सूचना झाली. सर्वजण जेवून तृप्त झाले.

जेवण उरकले, लोक निघाले, परंतु काही जण गप्पा मारत बसूनच राहिले. प्रेषितांना संकोच वाटत होता. ते उठा म्हणू शकत नव्हते. ते स्वतः बाहेर गेले, पत्नींच्या खोल्यांकडे जाऊन सलाम करून परतले, तरी पाहुणे बसलेलेच. अखेर ते गेले. याच प्रसंगी सूरह अल-अहजाबची 53 वी आयत अवतरली. परवानगीवाचून घरात शिरू नये, अन्न तयार होण्याची वाट पाहत आधीच येऊन बसू नये, बोलावल्यावर यावे आणि जेवण झाल्यावर गप्पांत न रमता निघावे, कारण त्याने यजमानाला त्रास होतो आणि तो संकोचाने बोलत नाही, अशी शिकवण त्यात देण्यात आली. त्याच वेळी प्रेषितांनी आपल्या आणि अनस यांच्यामध्ये पडदा सोडला. लहानपणापासून त्या घरात मोकळेपणी वावरणारा तो पंधरा वर्षांचा तरुण उंबरठ्यावर थांबला. घरातील जवळिकीलाही मर्यादा असते, हे त्याने विनातक्रार स्वीकारले.

ज्या अल्लाहने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली, त्याने एका थकलेल्या यजमानाच्या संकोचाची दखल आपल्या ग्रंथात घेतली, ही किती मोठी गोष्ट आहे! शिष्टाचाराला किरकोळ बाब समजणाऱ्यांनी ही आयत अवश्य अभ्यासावी.

बसरा येथील जीवन

इ. स. 632 मध्ये प्रेषितांचे निधन झाले, तेव्हा अनस विशीत होते. खलीफा अबूबक्र (रजि.) यांनी त्यांना जकात वसुलीसाठी बहरैनकडे पाठवले. नंतर ते बसरा येथे स्थायिक झाले. प्रेषितांच्या दुआची बरकत त्यांना लाभली. त्यांची बाग वर्षातून दोनदा फळे देई आणि मुला-नातवंडांची संख्या शंभरावर गेली. त्यांनी कथन केलेल्या हदीसची संख्या 2286 सांगितली जाते.

परंतु चांगल्या माणसालाही कधी कोणी टोकावे लागते. सीरीन नावाचा त्यांचा गुलाम होता. ठरावीक रक्कम फेडून स्वतंत्र होण्याचा करार करावा, अशी त्याने मागणी केली. अनस (रजि.) यांनी नकार दिला. सीरीनने खलीफा उमर (रजि.) यांच्याकडे दाद मागितली. उमर यांनी अनस यांना करार करायला सांगितले. ते तयार होईनात, तेव्हा सूरह अन-नूरमधील यासंबंधीचा आदेश ऐकवत कोरडा उगारून त्यांना समज दिली. अनस यांनी करार लिहून दिला. सेवकाशी सौजन्याने बोलणे पुरेसे नाही, त्याचा हक्कही त्याला मिळाला पाहिजे, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. पुढे याच सीरीनच्या घरी मुहम्मद बिन सीरीन हे थोर विद्वान जन्मले आणि अनस यांच्या निकटवर्तीयांत गणले गेले.

साबित बुनानी बसऱ्याच्या रस्त्याने त्यांच्यासोबत चालत असत. वाटेत मुले दिसली की वृद्ध अनस (रजि.) त्यांना आधी सलाम करत आणि प्रेषितही असेच करत असत, हे सांगत. एका प्रवासात ह. जरीर (रजि.) हे वयाने मोठे असूनही अनस यांची सेवा करू लागले. अनस संकोचले. परंतु जरीर यांचे म्हणणे होते की अन्सारांनी प्रेषितांसाठी जे केले ते आपण पाहिले आहे, म्हणून अन्सारी भेटला की त्याची सेवा करायची असे आपण ठरवले आहे.

सर्वांनी मात्र ही कदर ठेवली नाही. हज्जाज बिन यूसुफ या जुलमी अधिकाऱ्याने या वयोवृद्ध सहाबींना अपमानित केले. त्यांच्या मानेवर शिक्का मारल्याचीही नोंद आहे. अनस (रजि.) यांनी शिवीला शिवीने उत्तर न देता खलीफा अब्दुल मलिक यांना पत्र लिहिले. प्रेषितांची सेवा केलेल्या माणसाशी असे वागल्याबद्दल खलीफाने हज्जाजला कडक शब्दांत खडसावले.

अखेरचा निरोप

हिजरी सन 93 मध्ये शंभरी ओलांडलेल्या अनस (रजि.) यांचे निधन झाले. बसऱ्यात वास्तव्य केलेल्या सहाबींपैकी ते शेवटचे. आपल्या पार्थिवाला मुहम्मद बिन सीरीन यांनी गुस्ल द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. बिन सीरीन त्या वेळी कर्जापायी तुरुंगात होते. चरित्रग्रंथांत नोंद आहे की राज्यपालाने परवानगी दिली, तरी ते बाहेर पडले नाहीत. आपल्याला राज्यपालाने नव्हे, तर ज्याचे पैसे देणे आहे त्याने अडकवले आहे, असे सांगून त्यांनी सावकाराची परवानगी मागवली. ती आल्यावरच त्यांनी जाऊन आपल्या वडिलांच्या जुन्या मालकाला गुस्ल दिला.

वाचकहो, मदीनेतील एका घरात सुरू झालेली ही शिकवण अशी एका गुलामाच्या मुलापर्यंत पोहोचली. आज रात्री जेवायला बसताना आपल्या मुलांना अनस (रजि.) यांची ही हकिकत सांगावी, आणि ताट आणून देणाऱ्याशी आपण कोणत्या स्वरात बोलतो याकडे स्वतः लक्ष द्यावे. अल्लाह आपल्या घरांना प्रेषितांच्या घरातील सौजन्याचा अंश प्रदान करो. आमीन.