मुरारबाजी : जावळीचा वीर, पुरंदरचे बलिदान

पुरंदरच्या रणात पडलेल्या मुरारबाजी देशपांडे यांचे नाव महाराष्ट्र विसरलेला नाही. त्यांच्याबरोबर पडलेल्या तीनशे मावळ्यांची नावे मात्र इतिहासाने नोंदवली नाहीत. जावळीच्या या योद्ध्याचे स्मरण करताना युद्धाने घेतलेल्या किमतीचाही हिशेब मांडायला हवा.

मेढा, प्रतिनिधी : वेण्णा नदीच्या काठचे मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्यालय. तालुक्याला ज्या गावावरून नाव मिळाले ते मूळ जावळी गाव मात्र येथून दूर, डोंगरापलीकडे कोयनेच्या खोऱ्यात, प्रतापगडाच्या परिसरात आहे. दाट रान, अरुंद खिंडी आणि पावसाळ्यात जगाशी संबंध तोडून टाकणारे ओढे अशा या मुलखाने अनेक पिढ्या लढवय्ये दिले. त्यांत सर्वांत मोठे नाव मुरारबाजी देशपांडे यांचे. जन्माने ते महाड परिसरातल्या देशपांडे घराण्यातले. पण त्यांच्या तलवारीची ओळख प्रथम झाली ती जावळीत, आणि तीही शिवाजी महाराजांच्या विरोधात लढताना.

चंद्ररावांची जावळी

सतराव्या शतकाच्या मध्यास जावळीवर मोऱ्यांची सत्ता होती. विजापूरच्या आदिलशाहीने या घराण्याला चंद्रराव हा किताब दिला होता. कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा मोऱ्यांच्या ताब्यात असल्याने स्वराज्याचा विस्तार दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे अडला होता. बोलणी निष्फळ ठरली आणि जानेवारी १६५६ मध्ये महाराजांनी जावळी जिंकली. पुढे काही महिन्यांत रायरीही हाती आली. याच रायरीचा नंतर रायगड झाला.

या लढाईत मुरारबाजी मोऱ्यांच्या बाजूने लढले. ज्याचे अन्न खाल्ले त्याच्यासाठी शस्त्र उचलायचे, हा त्या काळचा धर्म होता आणि तो त्यांनी पाळला. येथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते. जावळीची लढाई परकीयांशी नव्हती. दोन्ही बाजूंना त्याच डोंगरातली, एकच भाषा बोलणारी आणि एकाच दैवतांना नवस बोलणारी माणसे होती. स्वराज्याच्या उभारणीतली ही अपरिहार्य पण वेदनादायक बाजू होय. जो जिंकला त्याच्या घरी तोरणे लागली. जो हरला त्याच्या घरचे दुःख बखरीत आले नाही.

महाराजांनी मात्र पराभूतांतील गुणी माणसे पारखली. मुरारबाजींचे शौर्य त्यांच्या नजरेतून सुटले नाही. मोऱ्यांची सत्ता संपल्यावर मुरारबाजी स्वराज्याच्या सेवेत दाखल झाले. कालपर्यंत समोर उभा ठाकलेल्या योद्ध्यावर विश्वास टाकणे सोपे नव्हते, आणि त्या विश्वासाला पात्र ठरणेही सोपे नव्हते. पुढच्या नऊ वर्षांनी दोघांचीही निवड योग्य ठरवली. महाराजांनी पुरंदरसारखा महत्त्वाचा गड त्यांच्या हाती सोपवला. याच गडावर १४ मे १६५७ रोजी संभाजीराजांचा जन्म झाला होता.

वेढ्याचे दिवस

१६६४ मधील सुरतेच्या स्वारीनंतर औरंगजेबाने मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांना दक्षिणेत पाठवले. मार्च १६६५ मध्ये जयसिंग पुण्यात पोहोचले. त्यांनी स्वराज्याचे मर्म अचूक ओळखले. गड हे स्वराज्याचे बळ, आणि गडांना धान्य, वैरण व माणसे पुरवणारी गावे हा त्या बळाचा पाया. म्हणून एका बाजूने पुरंदरला वेढा पडला आणि दुसऱ्या बाजूने मुलूख उजाड करण्यासाठी फौजा सुटल्या.

एप्रिलच्या अखेरीस दाऊदखानाच्या फौजेने रोहिडा परिसरातील सुमारे पन्नास गावे जाळून उद्ध्वस्त केली. गुरे हाकून नेली, शेतकरी कैद केले. पुढे राजगडाच्या आसपासही हेच घडले. त्या गावांतल्या कुणब्याने कोणाशीही वैर धरलेले नव्हते. मृगाच्या पेरणीसाठी राखून ठेवलेले बियाणे आणि नांगराचे बैल एकदा गेले की पुढच्या वर्षाचीही आशा संपते. गडावरच्या लढाईइतकेच हेही युद्ध होते. फरक एवढाच, की त्यात मेलेल्यांना वीरमरण कोणी म्हटले नाही.

पुरंदरला लागूनच वज्रगड आहे. दोहोंमध्ये भैरवखिंड. वज्रगडावरून पुरंदरच्या माचीवर तोफांचा मारा करता येतो, हे ओळखून मोगलांनी प्रथम तो घेण्याचे ठरवले. अवजड तोफा मोठ्या कष्टाने डोंगरावर चढवण्यात आल्या आणि १४ एप्रिल १६६५ रोजी वज्रगड पडला. आता पुरंदरची माची थेट माऱ्यात आली. सुरुंग, तोफा आणि मोर्चे यांचा फास दिवसागणिक आवळू लागला.

सातशेंची झडप

वाट पाहत गड पडू द्यायचा, की वेढा मोडण्याचा प्रयत्न करायचा, हा प्रश्न किल्लेदारासमोर होता. मुरारबाजींनी दुसरा मार्ग निवडला. सभासदाच्या बखरीनुसार त्यांनी निवडक सातशे मावळे घेतले आणि ते गड उतरून दिलेरखानाच्या पाच हजार पठाणांवर तुटून पडले. ही बखर घटनेनंतर सुमारे तीस वर्षांनी लिहिली गेली, तरी या प्रसंगाचे तेच प्रमुख मराठी साधन आहे. त्यातील आकड्यांनुसार पाचशे पठाण पडले आणि मुरारबाजी काही निवडक साथीदारांसह थेट खानाच्या रोखाने घुसले.

हा आवेश पाहून दिलेरखान थक्क झाला. त्याने या वीराला अभय देऊ केले आणि बादशाही चाकरीत मोठ्या मानाचे आमिष दाखवले. मुरारबाजींच्या आयुष्यातला हा खरा कसोटीचा क्षण. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी एक धनी गमावून दुसरा स्वीकारला होता. त्या काळच्या रीतीने तिसरा स्वीकारला असता तर त्यात कोणाला नवल वाटले नसते. कितीतरी सरदार आदिलशाहीतून मोगलाईत आणि मोगलाईतून पुन्हा आदिलशाहीत जात होते. पण मोऱ्यांकडे मुरारबाजी चाकर होते. पुरंदरवर ते एका कार्याचे वाटेकरी होते. त्यांनी देऊ केलेले अभय झिडकारले आणि ते खानावर चालून गेले. खानाने स्वतः सोडलेल्या बाणाने त्यांचा अंत झाला. तो मे १६६५ चा उन्हाळा होता.

त्यांच्याबरोबर तीनशे मावळे पडले. उरलेले लढत गडावर परतले. किल्लेदार गेला तरी गड खचला नाही. पुढे पांढऱ्या बुरुजावर दारूच्या साठ्याचा स्फोट होऊन सुमारे ऐंशी जण गेले, तरीही झुंज चालूच राहिली.

गड देण्याचा निर्णय

येथपर्यंतची कथा शाळेपासून सर्वांना परिचित आहे. तिचा पुढचा भाग तितक्या आवेशाने सांगितला जात नाही, कारण तो माघारीचा आहे. जूनच्या सुरुवातीला माचीचे बुरुज एकामागून एक पडू लागले. ११ जून रोजी महाराज स्वतः जयसिंगांच्या छावणीत गेले आणि त्यांनी पुरंदर देण्याचे मान्य केले. दुसऱ्या दिवशी गड रिकामा झाला, तेव्हा सुमारे सात हजार माणसे खाली उतरली. त्यांपैकी लढणारे चार हजार होते. बाकीच्या तीन हजारांत स्त्रिया होत्या, हाती शस्त्र नसलेले लोक होते.

हा आकडा वाचला की तहाचा अर्थ बदलतो. तेवीस किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांना गेला; महाराजांकडे बारा किल्ले आणि एक लक्ष होनांचा मुलूख राहिला. स्वराज्याच्या इतिहासातला हा मोठा आघात. पण गड बळाने पडला असता, तर त्या सात हजारांचे काय झाले असते याची कल्पना करणे कठीण नाही. किल्ला पुन्हा जिंकता येतो, गेलेला माणूस परत आणता येत नाही, हे महाराजांनी जाणले. झालेही तसेच. पाच वर्षांनी, मार्च १६७० मध्ये पुरंदर पुन्हा स्वराज्यात आला. मुरारबाजी तो दिवस पाहण्यास नव्हते.

मग त्यांचे बलिदान व्यर्थ गेले काय? तसे म्हणता येणार नाही. दोन महिन्यांहून अधिक काळ झुंजलेल्या गडाने मोगलांना मराठ्यांच्या निर्धाराची जाणीव करून दिली, आणि तहाच्या बैठकीत त्या झुंजीचे वजन होते. परंतु ज्या राजासाठी मुरारबाजींनी प्राण दिले, त्याच राजाने योग्य वेळी लढाई थांबवून हजारोंचे प्राण राखले, हेही तितक्याच अभिमानाने सांगितले पाहिजे. लढणे आणि थांबणे, दोन्हींना धैर्य लागते.

नाव नसलेले तीनशे

आज पुरंदरवर मुरारबाजींचा पुतळा आहे. दोन्ही हातांत शस्त्र घेतलेल्या त्या मूर्तीसमोर गडावर येणारा प्रत्येक जण नतमस्तक होतो. त्या तीनशे जणांची गावे कोणती, त्यांच्या मागे कोण होते, पावसाळा तोंडावर असताना त्यांच्या शेतात त्या वर्षी नांगर कोणी धरला, हे सांगणारा कागद नाही. सह्याद्रीच्या खोऱ्यांत देवळांपुढे उभे असलेले वीरगळ असेच अबोल आहेत. दगडात लढणारा पुरुष दिसतो, नाव बहुधा नसते.

सातारा जिल्ह्याला हे दुःख नवे नाही. अपशिंगे या गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. गाव तेव्हापासून अपशिंगे मिलिटरी म्हणून ओळखले जाते. जावळी तालुक्यातीलच केडंबे हे तुकाराम ओंबळे यांचे गाव. लष्करातील सेवेनंतर ते मुंबई पोलिस दलात गेले आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ अतिरेक्याची बंदूक अंगावर घेऊन त्यांनी त्याला जिवंत पकडून दिले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. काळ बदलला, शत्रू बदलला, हत्यारे बदलली. या डोंगरातल्या घरांत येणारी वार्ता मात्र तीच राहिली.

हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालणे हे आपले कर्तव्यच आहे. पण ते हार घालताना पुतळ्यामागे उभ्या असलेल्या अनामिकांची आठवण ठेवली, त्यांच्या उजाड झालेल्या घरांचा विचार केला, तर पुढच्या लढाईची भाषा आपण थोड्या जबाबदारीने करू. मुरारबाजींना आणि त्यांच्या तीनशे सोबत्यांना तीच खरी आदरांजली ठरेल.